कॅरॅव्हॅन प्रवासाचा शेवटचा दिवस: स्थळदर्शन की मित्राचे रान?

चाकावरचे_बिऱ्हाड (धागाकर्ता)

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली गाडी भाड्याने घेऊन सहकुटुंब हिंडणारे लोक आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून या विषयावर पुष्कळ लिहिलेही जाते; परंतु त्या लेखनाचा सारा भर गाडीची निवड, भाडे आणि मार्ग यांवर असतो. प्रवासाचा शेवटचा दिवस कसा घालवावा, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. माझे मत असे झाले आहे की त्या दिवशी एकही स्थळ पाहू नये. गाडी एखाद्या स्नेह्याच्या दारात किंवा रानात उभी करावी आणि दिवसभर तिला हलवू नये. या मतावर चर्चा व्हावी आणि त्यातल्या अडचणींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही छत्रपती संभाजीनगरहून निघून वेरूळ, पैठण, बीड आणि अंबाजोगाई असे करत लातूर जिल्ह्यात उतरलो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, त्यामुळे त्या भागातला कोणताही कार्यक्रम वारांचा हिशोब मांडूनच आखावा लागतो. पुढे पैठणला नाथांचा वाडा आणि नाथसागर, अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन आणि मुकुंदराजांची समाधी, हे सगळे पाहून समाधान वाटले, पण ते घड्याळाकडे पाहतच झाले. घर सोबत असले तरी पाणी भरणे, टाक्या रिकाम्या करणे आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा शोधणे ही कामे रोजची असतात. म्हणून शेवटचा दिवस औशाजवळच्या मित्राच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी, काढायचा, असे निघण्यापूर्वीच ठरवले होते आणि तो दिवस वेळ अमावस्येचा असावा अशा बेताने बाकीच्या तारखा मागे मोजत आणल्या होत्या.

वेळ अमावस्या म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, तिकडच्या बोलण्यातली येळवस. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत, तसेच सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात हा दिवस घरोघर रानात जाऊन साजरा होतो. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, आत पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, त्यांची पूजा करून रानाला नैवेद्य दाखवतात आणि मग पंगत बसते. लातूर शहरातला बाजार त्या दिवशी ओस पडतो, कारण ज्याला स्वतःचे शेत नाही त्यालाही कोणाचे ना कोणाचे बोलावणे असतेच.

आमचा तो दिवस फार साधा गेला. सकाळी मुले बोरीखाली गेली ती जेवायलाच परतली. मित्राला कोपासाठी कडबा शेजारच्या रानातून आणावा लागला, कारण त्याच्याकडे आता ज्वारी थोडीच असते आणि बाकी सगळे सोयाबीन व त्यामागून हरभरा; त्यावरून पिकांच्या बदलाविषयी बोलणे निघाले ते दुपारपर्यंत पुरले. आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत रानाला फेरी घातली, त्यात माझा मुलगा सर्वांत मोठ्याने ओरडत होता. भज्जी म्हणजे शेंगांची आणि पालेभाज्यांची मिसळीची भाजी, बाजरीचे आणि ज्वारीचे उंडे म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, वांग्याचे भरीत, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील असे जेवण झाल्यावर मित्राचे वडील लिंबाखाली आडवे झाले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेविषयी, किल्लारीच्या भूकंपाविषयी, कोणी न विचारताच बोलू लागले. मी त्यांना वर्षानुवर्षे ओळखतो. त्या पहाटेविषयी त्यांच्या तोंडून मी कधी काही ऐकले नव्हते. आम्ही त्या दुपारी आणखी एखादा किल्ला पाहायला गेलो असतो, तर ते बोलणे झाले नसते, एवढे मला निश्चित वाटते.

आता अडचणी. मित्राच्या घरच्यांना आम्ही रात्री गाडीतच झोपणार हे फारसे रुचले नाही. ‘गाडीत निजता व्हय? मग आमी कशाला हाव?’ असे त्याच्या आईने विचारले, तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. शिवाय दुसऱ्याच्या रानात विजेचे, सांडपाण्याचे आणि स्वच्छतागृहाच्या टाकीचे काय करावे, यजमानांवर किती भार टाकणे योग्य, आणि भाड्याची गाडी परत करण्याची वेळ सांभाळून हा निवांतपणा कसा साधावा, याविषयी सदस्यांनी आपापले अनुभव लिहावेत.

मांजरा_काठ

मी लातूर जिल्ह्यातलाच असल्याने यजमानांच्या बाजूने लिहितो. त्या माउलीचा प्रश्न तुम्ही रुसवा समजू नका, पण तो नुसता शिष्टाचारही नाही. आमच्याकडे पाहुणा आला म्हणजे त्याच्यासाठी वाकळ काढायची, पाणी तापवायचे आणि सकाळी तो उठण्यापूर्वी चूल पेटवायची, यातच पाहुणा आल्याचा आनंद असतो. पाहुणा स्वतःचे अंथरूण, स्वतःची शेगडी आणि स्वतःचे पाणी घेऊन दारात उभा राहिला, तर घरच्यांना आपल्याला काहीच करू दिले नाही असे वाटते. गावातले चार लोकही विचारतात की पाहुणे घरात का उतरले नाहीत, आणि त्याचे उत्तर तुम्हाला नव्हे, तुमच्या मित्राला द्यावे लागते.

यावर आमच्या घरात एक तोडगा रुळला आहे. माझे पुण्याचे साडू दरवर्षी अशीच गाडी घेऊन येतात. झोप गाडीत, पण जेवण, अंघोळ आणि सकाळचा पहिला चहा घरात, असे ठरलेले आहे. याउलट एकदा तरी घरच्या सगळ्यांना गाडीत बसवून तुम्ही चहा करून द्यावा. माझ्या आईला त्या गाडीतल्या छोट्या ओट्याचे इतके कौतुक वाटले की तिने तिथेच बसून भाजी निवडली. एकदा ती माणसे तुमच्या गाडीत पाहुणी म्हणून येऊन गेली की तुम्ही कुठे निजता याचा मुद्दा उरत नाही.

मात्र हे आधी फोनवर सांगून ठेवावे. दारात गाडी आल्यावर सांगितले, तर घरात गाद्या घालून झालेल्या असतात.

उंडे_आणि_आंबील

धागाकर्त्यांचे वर्णन वाचून छान वाटले, तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. हा निवांत दिवस नेमका कोणासाठी निवांत होता? वेळ अमावस्येची भज्जी करायची म्हणजे तुरीच्या, वाटाण्याच्या, वालाच्या शेंगा आदल्या दिवशी सोलाव्या लागतात, पालेभाज्या निवडाव्या लागतात, आंबील आदल्या रात्रीच लावावी लागते, आणि घरातल्या बाया पहाटे अंधारात उठून उंडे वळत असतात. एवढे करून ते सारे डोक्यावर किंवा गाडीवर रानात न्यायचे असते. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे हा सण आहे आणि मला तो अतिशय प्रिय आहे. पण त्या दिवशी पाच-सहा पाहुणे ‘आम्ही फक्त आराम करायला आलो’ असे म्हणत आले, तर घरातल्या बाईचा आराम कोणत्या दिवशी असतो, हे त्यांनीच सांगावे.

येऊ नका असे मी म्हणत नाही. याल तर आदल्या दुपारी या आणि शेंगा सोलायला बसा. पुरुषांनीही बसावे, त्याला काही विशेष कौशल्य लागत नाही. तुमच्या गाडीत शेगडी आहे, तर खिरीचे पातेले तिच्यावर ठेवता येईल. गाडीत जागा आहे, तर भांडी, घागरी आणि म्हातारी माणसे रानापर्यंत तिच्यातून नेता येतील. आमच्याकडे मागे एकदा अशीच गाडी आली होती, तेव्हा गुडघ्यांमुळे रानात येणे सोडलेल्या माझ्या सासूबाई तिच्यात बसून पुष्कळ दिवसांनी कोपापर्यंत आल्या. त्या पाहुण्यांची आठवण आमच्या घरात अजूनही निघते, आणि ती त्यांनी आणलेल्या मिठाईमुळे निघत नाही. जेवण झाल्यावर भांडी घासायला हात लावलात, तर यजमानीण ‘राहू द्या’ म्हणेल. तिचे ऐकू नका.

भेटवस्तूंबद्दलही सांगते. शहरातून मिठाईचे खोके आणण्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांना उपयोगी पडेल असे काही आणावे. निघताना तुमच्या पत्नीची ओटी भरली जाईलच, तेव्हा तुम्हीही यजमानीणबाईंसाठी खण-नारळ बरोबर ठेवलेला असावा.

चाकावरचे_बिऱ्हाड

ताई, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचलो होतो आणि शेंगा सोलण्यात आम्ही उभयतांनी भाग घेतला. परंतु पहाटे मला जाग आली तेव्हा चूल केव्हाच पेटलेली होती, हेही खरे आहे. गाडीतून वडीलधाऱ्यांना रानात नेण्याची आपली सूचना मला विशेष मोलाची वाटते.

बुरुजावरून

मी धागाकर्त्यांशी सहमत नाही. संभाजीनगर ते औसा एवढा प्रवास करून माणूस दारात उभा आहे, आणि औशाचा भुईकोट किल्ला, त्याच तालुक्यातली खरोशाची लेणी, जरा आडवाट केली तर सातवाहनकाळातली तगर ही व्यापारपेठ म्हणजे आजचे तेर, हे सारे सोडून तो लिंबाखाली बसतो, हे मला पटत नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे, गोरोबाकाकांची समाधी आहे, त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर आहे. मराठवाड्यात वेरूळ-अजिंठ्यापलीकडे काही नाही असा एक समज बाहेर पसरलेला आहे, आणि तो पसरण्याचे कारणच हे की बाहेरचे लोक इकडे येऊन दुसरे काही पाहत नाहीत. मित्राला भेटायला पुन्हा येता येते. कॅरॅव्हॅन घेऊन माणूस पुन्हा येईलच असे नसते.

नळदुर्गही फार दूर नाही. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल पाहिल्याशिवाय तुळजापूरवरून पुढे जाणे म्हणजे माझ्या दृष्टीने अपराध आहे.

मांजरा_काठ

बुरुजावरून साहेब, नळदुर्गाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. पाणी महाल कधीही पाहण्यासारखा आहे, पण लोक ज्यासाठी गर्दी करतात ते नर आणि मादी धबधबे पावसाळ्यात पाणी चढल्यावरच कोसळतात. डिसेंबरच्या अखेरीस ते पाहायला म्हणून कोणी गेले, तर कोरडी भिंत पाहून येईल. शिवाय नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. तुळजापूरहून थेट सोलापूरला जाणाऱ्याला त्यासाठी वेगळी वाट धरावी लागते.

तेरविषयी मात्र तुमचे म्हणणे योग्य आहे. ते आदल्या दिवशीच्या कार्यक्रमात बसवावे. शेवटचा दिवस मोकळा ठेवायचा म्हणजे स्थळे गाळायची असे नाही, ती आधीच्या दिवसांत सरकवायची. आणि यजमानांपैकीच कोणी ‘चला, आपले रान दाखवतो, मग वाटेत लेणीही पाहू’ म्हणाले, तर त्यांच्याबरोबर अवश्य जावे. मी स्वतः खरोशाजवळ राहून ती लेणी प्रथम पाहिली ती बाहेरून आलेल्या पाहुण्यांना दाखवायची म्हणून.

बारा_व्होल्ट

वीज आणि पाण्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आखाड्यावरची मोटारीची वीजजोडणी ही कृषिपंपासाठी दिलेली असते. तिच्यावरून गाडीसाठी वायर ओढणे म्हणजे मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरतो. त्याचा भुर्दंड पाहुण्याला नव्हे, शेतकऱ्याला बसतो. शिवाय तो पुरवठा तीन फेजचा आणि ठरावीक तासांचा असतो. स्टार्टरमधून हाताने काढलेली जोडणी जीवावर बेतू शकते. यजमान आपुलकीने ‘घ्या की वायर, काय होतंय’ म्हणतील, तरी नम्रपणे नाही म्हणावे.

घरगुती मीटर असलेल्या घराजवळ गाडी उभी असेल, तर १५ अँपिअरच्या भूसंपर्कित सॉकेटमधून जोडणी घेता येते. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी आणि रिळावर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. वातानुकूलन यंत्र चालू करण्याचा मोह टाळावा. गावाकडे संध्याकाळी दाब कमी असतो, आणि तुमचे यंत्र सुरू होताच यजमानांच्या घरातले दिवे मंद झाले, तर ते दृश्य चांगले दिसत नाही.

खरे सांगायचे तर डिसेंबरात या साऱ्याची गरजच नसते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे १,२०० वॉट-तास वीज साठवते. एक लहान पंखा रात्रभर, दिवे चार-पाच तास, पाण्याचा पंप अधूनमधून आणि मोबाइल एवढे धरले, तरी तीनशे-साडेतीनशे वॉट-तासांच्या वर खर्च जात नाही. लहान फ्रिज दिवसभर चालला तर त्यात साधारण पाचशेची भर पडते. आदल्या दिवशी गाडी चाललेली असते, त्यामुळे बॅटरी भरलेलीच असते. टपावर सौरपट्टी असेल तर गाडी झाडाच्या सावलीत न लावता उन्हात लावावी, आणि आपण मात्र सावलीत बसावे.

दुसरी गोष्ट पाणी. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात आपण पाहुणे म्हणून जातो आहोत हे विसरू नये. पावसाळा चांगला झाला असला आणि बोअरला पाणी असले, तरी गाडीची टाकी वाटेत पेट्रोलपंपावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी भरूनच आखाड्यावर पोहोचावे. यजमानांच्या हौदातून शंभर लिटर पाणी ओढणे मला प्रशस्त वाटत नाही.

तिसरी गोष्ट, जिच्याविषयी लोक संकोचाने बोलत नाहीत. गाडीतल्या शौचालयाची काढता येणारी टाकी साधारण पंधरा ते वीस लिटरची असते, आणि तिच्यात टाकायच्या काही रसायनांत जंतुनाशक घटक असतात. असे पाणी घरच्या सेप्टिक टाकीत ओतले, तर तिथे मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून ती टाकी आदल्या मुक्कामी रिकामी करून धुवावी आणि शेवटच्या दिवशी वापरूच नये. यजमानांचे शौचालय असेल तर ते वापरावे. भांड्यांचे सांडपाणी वेगळ्या टाकीत जमते. ते साबणाचे असल्याने विचारल्याशिवाय झाडांना घालू नये.

लाल_परी_निवृत्त

एसटीत चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो असून बालाघाटाच्या दोन्ही अंगांचे रस्ते मला माहीत आहेत. वरच्या तांत्रिक माहितीत रस्त्याचा भाग राहिला आहे, तो मी जोडतो.

आखाड्यावर जाण्याची वाट ही बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीची असते. मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो, विशेषतः ज्या गाड्यांच्या खाली सांडपाण्याची टाकी बसवलेली असते त्यांना. मित्राला सांगून आधी मोटारसायकलवरून ती वाट पाहून घ्यावी. वरून गेलेल्या विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या यांकडेही लक्ष असू द्यावे. टपावर सौरपट्टी किंवा वातानुकूलन यंत्र असले की गाडीची उंची नेहमीच्या अंदाजापेक्षा जास्त भरते. काळी जमीन कोरडी असताना दगडासारखी असते, पण अवकाळी पावसाची एक सर आली की तीच माती चाकाला चिकटत जाते आणि एवढी जड गाडी ट्रॅक्टरशिवाय बाहेर निघत नाही. आभाळ भरून आलेले असेल तर गाडी डांबरी रस्त्यालगत किंवा गावात उभी करून पायी रानात जावे.

गावात उभी करायची तर किल्लारी परिसरातली भूकंपानंतर पुनर्वसन झालेली गावे फार सोयीची आहेत. तिथले रस्ते रुंद आणि सरळ आखलेले आहेत, त्यामुळे मोठी गाडी वळवता येते. जुन्या गावठाणात वेशीच्या आत अशी गाडी नेण्याचा प्रयत्न करू नये.

पोहोचल्याबरोबर, उजेड असतानाच, गाडी वळवून तोंड बाहेरच्या दिशेने करून लावावी. रात्री कोणाची तब्येत बिघडली तर अंधारात मागे घेत बसावे लागत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे दिवे किंवा परावर्तक असतीलच असे नाही, आणि बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. म्हणून यजमानांचा निरोप घेऊन रात्री निघण्याचा बेत कोणीही करू नये. शेवटचा दिवस मुक्कामासकट धरावा आणि पहाटे नव्हे, तर दिवस उगवल्यावर निघावे.

परवान्याविषयी बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, वाहतूक वर्गातली असली तरीही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे. तरीही भाड्याच्या करारात कोणाकोणाला चालवण्याची मुभा आहे ते वाचून घ्यावे, कारण विमा त्यावर अवलंबून असतो.

गोदातीर

नांदेडहून लिहितो. आमच्याकडे वेळ अमावस्येचे एवढे प्रस्थ नाही, पण शेवटच्या दिवसासाठी जानेवारीतला हुरडा तितकाच उत्तम. आगटीभोवती बसले की उठायची घाई कोणालाच नसते, आणि घरच्या बायकांना चूल पेटवावी लागत नाही, हा ताईंच्या मुद्द्याला अनुसरून मोठा लाभ आहे. हुरडा भाजणे, कणसे चोळणे आणि शेंगदाण्याची चटणी पुढे करणे ही कामे पुरुष आनंदाने करतात.

उन्हाळ्यात मात्र हा बेत करू नये. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-परभणीकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पत्र्याच्या गाडीत दुपारी बसणे अशक्य होते. त्या दिवसांत गाडी दारात ठेवून यजमानांच्या घरातच, जाड भिंतींच्या माळवदाखाली झोपावे. तिथे तुमच्या मित्राच्या आईचा प्रश्न आपोआपच सुटतो.

मित्र शहरात राहणारे असतील तर काय, हा वेगळा प्रश्न आहे. गृहसंकुलाच्या आवारात एवढी गाडी उभी करू देत नाहीत. अशा वेळी गाडी नांदेडसारख्या शहराबाहेर मुक्कामी ठेवून रिक्षाने मित्रांकडे जावे, असे मी सुचवेन. एकाच दिवसात अनेक घरी जाण्याचा हट्ट मात्र करू नये. प्रत्येक घरी चहा-पोहे होतात, बोलणे कुठेच होत नाही, आणि ज्यांच्याकडे अर्ध्या तासात उठलो ते वर्षभर तसे ऐकवतात.

बुरुजावरून

मांजरा_काठ यांची धबधब्यांबाबतची दुरुस्ती स्वीकारतो. तेर आदल्या दिवशी घालण्याची सूचनाही व्यवहार्य आहे. माझा मूळ आक्षेप तरीही उरतो: भाड्याची गाडी दिवसभर एका जागी उभी ठेवण्याचेही भाडे द्यावे लागतेच. मग ती आदल्या दिवशी परत करून मित्राकडे बसने का जाऊ नये?

चाकावरचे_बिऱ्हाड

आपला हा आक्षेप मी स्वतःही मनाशी तपासला आहे. बसने गेलो असतो तर रात्री आखाड्यावर राहणे झाले नसते, कारण तिथे दोन खोल्या आहेत आणि त्यांपैकी एकीत सोयाबीनची पोती आहेत. आम्ही चौघे तिथे उतरलो असतो तर मित्राच्या कुटुंबाला अंगणात झोपावे लागले असते, तेही डिसेंबरच्या थंडीत. गाडी होती म्हणून दोन्ही कुटुंबे एका ठिकाणी राहू शकली. दुसरे असे की संध्याकाळी त्यांच्याकडे कडब्याचा हेंडगा, म्हणजे चूड, पेटवून रानाभोवती फिरवतात, दूध उतू घालतात आणि ते कोणत्या दिशेला उतू जाते यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. गावात मुक्कामाला परतायचे असते तर हे होण्यापूर्वीच आम्हाला बसस्थानक गाठावे लागले असते. गाडीचे त्या दिवसाचे भाडे मी निवासाचा खर्च म्हणून धरतो, प्रवासाचा नव्हे.

मांजरा_काठ यांचा तोडगा मी पुढच्या वेळी आधी फोनवर सांगून ठेवणार आहे, आणि मित्राच्या आईला गाडीत चहाला बोलावणार आहे. बारा_व्होल्ट यांच्या सूचनेनुसार शौचालयाची टाकी अंबाजोगाईच्या मुक्कामीच धुऊन घेण्याचे ठरवले आहे. ताईंनी सांगितलेले खण-नारळ सौभाग्यवतींनी यादीत लिहूनही टाकले आहेत.

एक शंका राहते. आमची गाडी पुण्यात संध्याकाळी सहापूर्वी परत करायची होती आणि त्याआधी ती आतून धुऊन देणे करारात होते. दिवस उगवल्यावर औशाहून निघून हे सारे न धावता जमेल का? लाल_परी_निवृत्त यांनी सांगावे.

लाल_परी_निवृत्त

जमेल, पण दोन गोष्टी पाळाव्यात. आतली सफाई पुण्याला पोहोचल्यावर करायची ठेवू नये. ती आखाड्यावरच, दुपारच्या जेवणानंतर मंडळी कलंडलेली असतात त्या वेळात उरकावी. फ्रिज रिकामा करणे, अंथरुणांच्या घड्या घालणे आणि गादीखालची माती झाडणे एवढे झाले की पुण्याजवळ फक्त बाहेरून पाणी मारणे उरते. दुसरे म्हणजे तुळजापूरला दर्शनासाठी थांबायचे असेल, तर ते जातानाच्या दिवसांत करून घ्यावे. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तिथल्या रांगेचा अंदाज कोणालाही देता येत नाही, आणि एवढी गाडी मंदिराजवळ लावायला जागाही मिळत नाही. औसा, तुळजापूर, सोलापूर आणि मग पुणे असा सरळ महामार्ग आहे. सकाळी सातला निघून सोलापूरच्या पुढे जेवलात तर दुपारी चारच्या आसपास पुण्याच्या वेशीवर असाल. शहरातल्या वाहतुकीसाठी दोन तास हाताशी ठेवावेत. डिझेल सोलापूरच्या अलीकडे न भरता पुण्याजवळ भरावे, कारण टाकी जितकी भरून दिली तितकी भरून परत घ्यायची अट बहुतेक करारांत असते.